विकलेल्या तीन कार्डांचा बॅकअप

पत्र थोडक्यात असं:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. न्यू जर्सीच्या मामाने मागे येताना आपल्या मुलाचा जुना निन्टेंडो थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं दोन पडद्यांचं गेमचं यंत्र) आणि त्याची अकरा गेमकार्डं भाच्याला दिली. भाच्याने काही महिन्यांत त्या यंत्राचं ‘कुलूप काढलं’, म्हणजे कंपनीने मान्य न केलेले प्रोग्रामही त्यावर चालतील असं केलं. अकराही कार्डांच्या कॉप्या कॉम्प्युटरवर घेतल्या. मग ‘कॉपी आहेच’ म्हणून त्यातली तीन कार्डं ऑनलाइन विकून टाकली. शिवाय तीसेक गेम इंटरनेटवरून उतरवले. हे कळल्यावर मित्र आपापली यंत्रं घेऊन यायला लागले, कुणाचा पीएसपी (सोनीचं तसंच यंत्र), कुणाचं आणखी काही. सहा जणांना त्याने प्रत्येकी ५०० रुपयांत ‘सॉफ्टवेअर मारून’ दिलं, वर गेमही भरून दिले. त्यातल्या एकाचं यंत्र आता ऑनलाइन जात नाही आणि त्या मुलाची आई दारात येऊन बरंच बोलून गेली. तेव्हा घरात सगळं उघडं झालं. वडील सरकारी नोकरीत आहेत. ते म्हणतात, पोलीस दारात यायच्या आत ते यंत्र भंगारात द्या. मामा फोनवर म्हणाला, आमच्याकडे हे बेकायदेशीर आहे. मुलगा म्हणतो, आपल्याकडे चालतं, मी फक्त बॅकअप घेतलाय. पत्राच्या शेवटी आई लिहिते: ‘माझा मुलगा चोर आहे का, एवढंच सांगा.’

ताई,

एवढंच सांगा म्हणता, पण एका शब्दात उत्तर द्यायला तुम्ही एकच प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्या पत्रात ‘बॅकअप’ हा शब्द सात वेळा आलाय, मी मोजला, आणि त्या एका शब्दाखाली किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. कोर्टात आमचे पक्षकार ‘व्यवहार’ हा शब्द असाच वापरतात. उसनवारी, भागीदारी, लाच, सोयरीक, सगळा ‘व्यवहार’च. मग आधी तासभर त्या शब्दाची पोटली सोडण्यात जातो. तुमच्या घरात ती पोटली कुणी सोडलेलीच नाही. मुलगा त्यातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट दाखवून बाकीच्या झाकतोय, आणि त्याचे वडील सगळ्यात वाईट गोष्ट बघून चांगलीही भंगारात काढायला निघालेत.

स्वच्छ गोष्टीपासून सुरुवात करते. मामाने दिलेल्या कार्डांची स्वतःपुरती कॉपी घेणं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये, कशाने कॉपीराइटचा भंग होत नाही, याची लांबलचक यादी दिलेली आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल स्पष्ट म्हटलंय की ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याला ती हरवली, बिघडली, नष्ट झाली तर हाताशी असावी म्हणून बॅकअप प्रत करता येते. पुढे आणखी एक पोटकलम आहे: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नाही तर वैयक्तिक वापरासाठी, कॉपी करणं. कायद्याचा शब्द बघा. त्याने ‘मालक’ म्हटलेलं नाही, ‘कायदेशीर ताबा असलेला’ म्हटलंय. मामाने हातात दिलेलं कार्ड हा कायदेशीर ताबाच. त्यामुळे ‘पावती कुठेय’ म्हणून तुम्ही जी काळजी लिहिलीत, ती सोडून द्या.

कुणी कायद्याचा किस काढणारा म्हणेल की गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे, त्यात चित्रं आहेत, संगीत आहे. खरं आहे. पण प्रोग्राम सोडून इतर कृतींच्या खासगी वापराला त्याच कलमात ‘उचित वापर’ म्हणून वेगळी जागा आहे. दोन्ही मिळून घरच्या कपाटातल्या कॉपीला पुरेसं पांघरूण मिळतं, असं माझं मत आहे. आणि अशा कॉपीची गरज काल्पनिक नाही. गेमबॉय या निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या काळातल्या कितीतरी कार्ट्रिजमध्ये, खेळ कुठवर आला ते जपून ठेवायला आत घड्याळात असते तशी एक गोल बटण-बॅटरी असायची. ती मेली की वर्षभर खेळलेला खेळ पुसला जायचा. तुमच्या मुलाची कार्डं त्यापेक्षा नवीन आहेत, त्यात तशी बॅटरी नाही, पण कार्ड धुण्याच्या पँटच्या खिशात जाऊ शकतंच. (आमच्याकडे टीव्ही गेमची कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची पद्धत होती. तोंडातल्या वाफेने ती आणखी बिघडते, हे पुष्कळ नंतर कळलं. त्या कॅसेटवर ‘९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि त्यातला एकही गेम कुणी हक्क घेऊन विकलेला नव्हता, हे तर कधी मनातही आलं नाही. तेव्हा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य निदान या विषयात आपल्या पिढीने वापरू नये.)

आता कुलूप. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. ‘कंपनीने कुलूप लावलं म्हणजे उघडायचं नव्हतंच ना?’ असं तुम्ही लिहिलंत. मी उलट विचारते: तुम्ही कपाट विकत आणलंत, पूर्ण पैसे मोजलेत, आणि त्यातला एक खण दुकानदाराने कुलूपबंद करून किल्ली स्वतःकडे ठेवली. तुम्ही स्वतःच्या साड्या ठेवायला तो खण उघडलात, तर ती चोरी होते का? चोरी व्हायला त्या खणात दुसऱ्याचं काही असावं लागतं आणि ते उचलायचं तुमच्या मनात असावं लागतं.

आपला कायदाही थोडाफार तसाच विचार करतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. कॉपीराइटचं रक्षण करणारं तांत्रिक कुलूप जो तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कलमात एक अट आहे आणि सगळं त्या अटीवर उभं आहे: ते कुलूप ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ तोडलेलं असलं पाहिजे. ज्याला कायद्याने मनाई नाही अशा कामासाठी ते उघडलं, तर हे कलम आड येत नाही, असंही पुढे लिहिलंय. स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवायला, आपल्याच कार्डाची कॉपी घ्यायला, खेळाची नोंद वाचवायला मुलाने कुलूप काढलं असेल, तर तेवढ्यापुरता तो या कलमात बसत नाही. कंपनीच्या अटींचा भंग मात्र होतो. आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो त्या अटींचा. त्याची शिक्षा तुरुंग नव्हे, कंपनी आपली ऑनलाइन सेवा बंद करते. निन्टेंडोने तर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या करारात सरळ लिहिलं की अटी मोडल्या तर खातं किंवा यंत्र कायमचं निकामी करू शकतो. थ्रीडीएसबाबत या धमकीत फारसा दम उरलेला नाही, कारण त्याची ऑनलाइन सेवा कंपनीने स्वतःच एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. नव्या यंत्रांचं तसं नाही. ज्या मित्राचं यंत्र आता ऑनलाइन जात नाही, त्याला तो फटका बसलेला दिसतोय. त्याच्याकडे येतेच.

मामा चुकीचं बोलला का? नाही. तो जिथे राहतो तिथलं बरोबर सांगितलं त्याने. अमेरिकेत १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आहे आणि तिथे कुलूप तोडणं हाच मुळात वेगळा अपराध आहे. आत स्वतःच्या साड्या ठेवायच्या होत्या, ही सबब तिथे सहसा चालत नाही. दर तीन वर्षांनी तिथे अपवादांची सुनावणी होते. फोनचं कुलूप काढायला २०१० मध्ये परवानगी मिळाली. गेमच्या यंत्रांसाठी २०१२ मध्ये मागितली ती नाकारली गेली. २०२१ मध्ये एवढंच मान्य झालं की बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलायला कुलूप उघडता येईल. म्हणजे तेच यंत्र, तेच कार्ड, तेच बोट. न्यू जर्सीत एक उत्तर आणि तुमच्या दिवाणखान्यात दुसरं. तुमच्या मुलाने एक लक्षात ठेवावं. उद्या तो मामाकडे शिकायला गेला, तर ‘आपल्याकडे चालतं’ हे वाक्य विमानतळावरच ठेवून जावं लागेल.

इथवर मी मुलाच्या बाजूने बोलले. आता ती विकलेली तीन कार्डं.

ताई, तुमच्या पत्रात हे एका ओळीत येऊन गेलंय, जणू रद्दी विकावी तसं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, इंटरनेटवरून उतरवलेल्या तीस गेमपेक्षाही. बॅकअपचा सगळा हक्क त्या मूळ कार्डाच्या ताब्यावर उभा आहे. कायदा बॅकअपला निव्वळ तात्पुरतं संरक्षण म्हणतो. कार्ड दुसऱ्याला विकलं त्या क्षणी तुमच्या मुलाचा ताबा संपला आणि त्याच्या कॉम्प्युटरवरची कॉपी उघडी पडली. ज्याने कार्ड विकत घेतलं तो आता ताबेदार, बॅकअपचा हक्कही आता त्याचा. तुमच्या मुलाने गेम ठेवला आणि पैसेही घेतले. एका गेमचे दोन झाले, पैसे एकाचेच आले, तेही कंपनीला नाही, त्याला.

हे त्याला कायद्याच्या भाषेत सांगायची गरज नाही. त्याला विचारा: लायब्ररीतून पुस्तक आणून, झेरॉक्स काढून, मग तेच पुस्तक रद्दीत विकलं असतंस का? तो म्हणेल, पुस्तक माझं होतं, लायब्ररीचं नव्हतं. बरोबर आहे, विकायचा हक्क त्याला होताच. विका किंवा ठेवा. विकूनही ठेवणं, ही तिसरी वाट कायद्यात नाही. मला वाटतं, सतरा वर्षांच्या मुलाला हे चटकन कळतं. कारण तीन कार्डं विकताना त्याच्या मनात कुठेतरी हे आलं असणारच. नाहीतर ती विकल्याचं त्याने तुमच्यापासून इतके दिवस लपवलं नसतं.

उतरवलेल्या गेमचं उत्तर सोपं आहे आणि मुलाला ते आवडणार नाही. ज्याचं कार्ड कधीच हातात नव्हतं त्याचा बॅकअप होत नाही. दुसऱ्या कुणी घेतलेली कॉपी ती दुसऱ्याची. मुलाचं म्हणणं तुम्ही लिहिलंय: ‘ते दुकानच बंद झालंय, पैसे द्यायचे म्हटले तरी कुणाला देऊ?’ हा युक्तिवाद मी थट्टेवारी नेणार नाही. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं हे खरं. काही गेम फक्त तिथेच मिळायचे, ते आता सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नव्हते. संशोधकांना असे जुने गेम घरबसल्या बघता यावेत म्हणून त्यांनी सवलत मागितली, तीही २०२४ मध्ये नाकारली गेली. कंपनी विकणार नाही, जपणार नाही आणि जपणाऱ्याला जपू देणार नाही, याला मी तरी शहाणपणा म्हणत नाही. शिवाय जुन्या बाजारात तेच कार्ड पाच-सहा हजारांना घेतलं तर ते शंभर टक्के कायदेशीर, पण ज्यांनी तो गेम बनवला त्यांना त्यातला एक पैसाही जात नाही. हा कायद्याचा विनोद आहे आणि मुलाने तो पकडला तर त्याला शाबासकी द्या.

तरीही दुकान बंद झालं म्हणून हक्क संपत नाही. कॉपीराइट अनेक दशकं चालतो. शेजारचा बंगला वर्षानुवर्षं बंद आहे म्हणून आपण तिथे राहायला जात नाही. त्या तीस गेमच्या यादीवर त्याच्याबरोबर एकदा नजर टाका. माझा अंदाज आहे की त्यातले बहुतेक ‘कुठेच न मिळणारे’ नसतील, आजही विकत मिळणारे असतील. तत्त्वाची गोष्ट आणि फुकटची गोष्ट तिथे आपोआप वेगळी होईल. तुम्हाला बोलावंही लागणार नाही.

आता ते ५०० रुपये. इथे मी गंभीर आहे.

स्वतःच्या यंत्राचं कुलूप स्वतःसाठी काढणं आणि दुसऱ्याचं पैसे घेऊन काढून वर फुकटचे गेम भरून देणं, यांत हेतूचा प्रश्नच उरत नाही. सहा यंत्रं, तीन हजार रुपये: रक्कम किरकोळ आहे, पण कायदा ‘नफ्यासाठी’ या शब्दावर फार अडतो. स्वतःच्या वापरापुरतं असेल तर न्यायाधीशाला शिक्षा कमी करायला वाव असतो. धंदा म्हणून केलं की कलम ६३ मध्ये किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. आणि तुमच्या यजमानांची भीती अगदीच बिनबुडाची नाही: हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मुलगा अल्पवयीन आहे, त्यामुळे त्याच्यासाठी प्रक्रिया निराळी, पण काही महिन्यांत तो अठराचा होईल. प्लेस्टेशन या आपल्या गेमयंत्रात फेरफार करून देणाऱ्यांविरुद्ध सोनीने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला होता. म्हणजे ‘इंडियात कोण विचारतं’ हेही पूर्ण खरं नाही.

त्याच ६५ए कलमात एक गमतीचा भाग आहे, तो मुलाला जरूर वाचायला द्या. एखाद्याला कायदेशीर कामासाठीच कुलूप काढून द्यायचं असलं, तरी काढून देणाऱ्याने समोरच्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कशासाठी काढून दिलं त्याची पूर्ण नोंद ठेवायची असते. त्याला विचारा, वही कुठेय? किराणा दुकानदार उधारीची ठेवतो, तू किमान तेवढी तरी ठेवलीस का?

जगभरातली मोठी प्रकरणं बघितली तरी एकच गोष्ट दिसते. हात पोळतात ते धंदा करणाऱ्यांचे. निन्टेंडोची यंत्रं फोडायची उपकरणं विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझर या माणसाला २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली आणि वर एवढी भरपाई की ती आयुष्यभर फिटायची नाही. (मारिओ या निन्टेंडोच्याच गेममधल्या खलनायकाचं नाव हेच याचं आडनाव. गोष्ट रचली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.) २०२४ मध्ये ‘युझू’ नावाचा इम्युलेटर (एका यंत्राचे गेम दुसऱ्यावर चालवणारा प्रोग्राम) बनवणाऱ्यांनी २४ लाख डॉलर कबूल करून खटला मिटवला, आणि त्याच फटक्यात थ्रीडीएसचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा ‘सिट्रा’ही बंद झाला. तुमच्या मुलाला हे नाव नक्की माहीत असेल. मात्र इम्युलेटर म्हणजे गुन्हा असा अर्थ यातून काढू नका. प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या कॉनेक्टिक्स कंपनीवर सोनीने दावा लावला होता, तेव्हा २००० साली अमेरिकेच्याच अपील न्यायालयाने कॉनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याचं यंत्र कसं चालतं ते अभ्यासून स्वतःचं काही बनवणं, याला आपल्या कलम ५२ मध्येही जागा आहे.

तेव्हा काय करायचं. यंत्र भंगारात देऊ नका. त्याने कायद्याचा काही फायदा होत नाही आणि मुलगा एवढंच शिकतो की घरात खरं बोललं की वस्तू जाते. पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणार नाही, बस. रविवारी दुपारी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसा आणि त्याला म्हणा, मला एकेक फाइल दाखव. आठ कार्डं घरात आहेत, त्यांचे आठ बॅकअप राहू देत. शक्य असेल तर कार्डं आणि कॉपी वेगवेगळ्या जागी ठेवा, दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये ठेवून बॅकअपचा काय उपयोग? विकलेल्या तिघांच्या कॉप्या त्याने स्वतःच्या हाताने उडवायच्या, रीसायकल बिनमधूनही. खेळ कुठवर आला त्याची जी छोटी नोंद-फाइल असते, ती हवी तर ठेवू दे. त्या नोंदीत त्याचे तास आहेत आणि गेमशिवाय तिचा कुणाला काही उपयोग नाही. उतरवलेल्या गेमपैकी जे विकत मिळतात ते जावेत. जे कुठेच मिळत नाहीत त्यांच्याबद्दल कायदा काय म्हणतो ते मी वर सांगितलं. मी वकील आहे, त्यातून डोळा मारून काही सुचवणार नाही.

मित्रांचे पैसे परत करायचे. सगळ्यांचे नाही जमले तर निदान ज्याचं यंत्र ऑनलाइन जात नाही त्याचे, आणि ते घेऊन जायला तुम्ही नाही, त्याने जायचं. त्या बाईंसमोर उभं राहून ‘काकू, असं होऊ शकतं हे मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नव्हतं’ एवढं म्हणायचं. माहीत होतं का नव्हतं, हे त्याचं त्याला ठाऊक. पण या उद्योगातली माणसं हे धोके पहिल्या दिवशी वाचतात.

हे वाचणाऱ्या ज्या घरांत असं यंत्र कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘दोनशे गेम टाकून’ आलंय, त्यांनाही दोन शब्द. दुकानदाराने भरून दिलेल्या गेमना बॅकअपचं नाव देऊ नका, ते त्याच्याकडेही कायदेशीर नव्हते. चोरीची कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्राम वापरणं हा आपल्याकडे स्वतंत्र अपराध आहे, कलम ६३बी. आणि त्या मेमरी कार्डवर गेमबरोबर आणखी काय आलंय हे दुकानदारालाही माहीत नसतं. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग चालतं त्यात ते घालू नका. मुलं कुलूप काढायला स्वतः शिकत असतील, तर त्यांना एवढंच विचारत राहा: मूळ प्रत कुठेय, आणि हे कुणासाठी चाललंय?

यजमानांसाठी एक ओळ. घरातल्या ड्रॉवरमधल्या आठ कॉप्यांसाठी सरकारी नोकरीवर गदा येणार नाही. पाचशे रुपयांच्या पाट्या मुलाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर लागल्या असतील तर त्या मात्र आज काढा.

राहता राहिली ती ओळ, जी तुम्ही पत्रात ताजा कलम म्हणून लिहिलीत. पाच-सहा वर्षांच्या पुतणीसाठी त्याने त्याच यंत्रावर पाढ्यांचा खेळ बनवलाय. वरच्या पडद्यावर ‘बे त्रिक’ येतं, खालच्या पडद्यावर बोटाने उत्तर लिहायचं, चुकलं की बेडूक पाण्यात पडतो. तुम्ही लिहिलंय की अक्षरं नीट दिसत नाहीत, ‘त्रिक’मधली पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते, म्हणून त्याने रात्री जागून प्रत्येक शब्दाचं चित्र हाताने काढलं.

ताई, या गोष्टीला होमब्रू म्हणतात. घरचं. ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणून तुमच्या घरात जे बदनाम झालंय, त्याचं मूळ रूप हे आहे. जपानमधल्या कुणा इंजिनिअरने मराठी पाढ्यांसाठी हे यंत्र बनवलं नव्हतं. वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, हे त्या यंत्राला कुणी शिकवलेलंच नाही. पोराला ते आपल्या डोळ्यांनी दिसलं आणि त्याने वाट काढली. यात कुणाचाही हक्कभंग नाही, कुणाचं काही चोरलेलं नाही, आणि आपल्या कायद्याप्रमाणे कुलूप काढण्याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही. तीन हजार रुपये परत करताना त्याला वाईट वाटेल, तेव्हा हा खेळ तुमच्यासमोर सुरू करायला सांगा आणि पहिला डाव तुम्ही खेळा. कायदा मोडल्याबद्दल रागावलेली आई त्याने बघितलीय. त्याचं काम बघायला बसलेली आई बघितली असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आणि बेडूक एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत जात असेल तर मलाही एक कॉपी पाठवायला सांगा. माझा तिथे अजून घोळ होतो. कॉपी त्याचीच आहे, त्यामुळे परवानगीही त्यालाच विचारा.